मुलीचं जरा वेगळं नाव ठेवायचंय? मग आधी ते नाव उघडून बघा

मी तीन भावांची एकटी बहीण. आमच्याकडे बाळाच्या कानात नाव आत्याच सांगते, त्यामुळे आत्तापर्यंत पाच वेळा पाळण्यापाशी उभं राहायचा मान मला मिळालाय, आणि आता चुलत-मावस भावंडांचेही फोन येतात की ताई, मुलगी झालीय, नाव सुचव ना, पण वर्गात चौघींचं असतं तसलं नको, जरा वेगळं हवं. मग व्हॉट्सअ‍ॅपवर लिस्ट येते. चाळीसेक नावं, प्रत्येकासमोर अर्थ. आणि त्या अर्थांमध्ये निम्म्या ठिकाणी "देवी लक्ष्मी" नाहीतर "सुंदर", उरलेल्यात "राजकुमारी".

मागच्या लिस्टमध्ये शर्वरी होतं आणि समोर लिहिलेलं "देवी पार्वती". आता शर्वरी म्हणजे रात्र. पार्वतीचं नाव आहे शर्वाणी, कारण शर्व म्हणजे शंकर आणि त्याची बायको ती शर्वाणी. दिसायला जवळजवळ सारखी नावं, कुणीतरी एकाचा अर्थ दुसऱ्याला लावला आणि तो कॉपी होत होत सगळीकडे पसरला. रात्र हा अर्थ वाईट आहे का, अजिबात नाही, विभावरी म्हणजे पण रात्रच आणि यामिनी म्हणजे पण. पण आपण मुलीला "रात्र" म्हणून हाक मारतोय हे आईबापांना माहीत तरी असायला हवं ना, उद्या ती पोरगी आठ-नऊ वर्षांची झाली की विचारणारच, आई माझ्या नावाचा अर्थ काय.

म्हणून मी जशी नावं तपासते ती रीत इथे लिहून काढतेय. संस्कृत यायला हवं असं काही नाही, मी कॉमर्सची आहे. थोडा वेळ काढावा लागतो आणि आयता अर्थ घ्यायची सवय सोडावी लागते, एवढंच.

आधी नाव देवनागरीत नीट लिहा

हे सगळ्यात साधं आणि सगळ्यात जास्त चुकणारं. माझ्या आईचं नाव अनसूया. शाळेच्या दाखल्यावर कुणीतरी "अनुसया" लिहिलं आणि ते तिला आयुष्यभर चिकटलं, बँकेत अनुसया, रेशनकार्डावर अनुसया, आधारवर अनुसुया. आता बघा काय झालं ते. असूया म्हणजे दुसऱ्याचं चांगलं न बघवणं. अन् + असूया, म्हणजे जिच्या मनात असूयाच नाही ती. किती मोठं नाव आहे हे! आणि "अनुसया" केलं की अनु आलं, असूया मोडली, आणि हातात काहीच उरलं नाही. एका उकारापायी. आईला हा अर्थ मी सांगितला तेव्हा ती साठीच्या पुढे होती, दोन-तीनदा स्वतःशीच म्हणून बघितलं तिने, अन्-असूया, अन्-असूया.

तसंच ऊर्मिला. ऊर्मी म्हणजे लाट, पहिला ऊ दीर्घ. मृण्मयी मध्ये ण आहे, मृद् म्हणजे माती आणि मयी म्हणजे त्याचीच बनलेली. जान्हवी मूळ जाह्नवी आहे, जह्नू ऋषींची लेक म्हणून गंगेला मिळालेलं नाव, पण मराठीत आपण ह आणि न ची जागा बदलून टाकलीय आणि ते आता मराठी रूप म्हणून पक्कं आहे, त्याला मी चूक म्हणत नाही. चूक कुठली आणि आपल्या भाषेची वळणं कुठली हे ओळखायचं, एवढंच.

मग सांधा शोधा

बहुतेक संस्कृत नावं दोन तुकड्यांची असतात. सांधा सापडला की अर्थ आपोआप बाहेर येतो.

सुरुवातीला अ किंवा अन् असेल तर "नाही" असा अर्थ असू शकतो का ते बघा. व्यंजनाआधी अ, स्वराआधी अन्. अघ म्हणजे पाप, म्हणून अनघा. पर्ण म्हणजे पान, म्हणून अपर्णा, तपाला बसलेल्या पार्वतीने शेवटी पानं खाणंसुद्धा सोडलं म्हणून. मेय म्हणजे मोजता येणारं, म्हणून अमेया. पण प्रत्येक अ असाच असतो असं नाही, अरुणा मधला अ "नाही"चा नाही, तो शब्दच मुळात अरुण आहे, तांबूस. म्हणून उरलेला तुकडा एकटा उभा राहतो का हे बघायचं, रुणा असा शब्द आहे का? नाही. मग तिथे सांधा नाही.

शेवटी जा असेल तर बहुतेक वेळा "पासून जन्मलेली". गिरिजा, शैलजा दोन्ही डोंगराच्या लेकी. नीरजा पाण्यातली, म्हणजे कमळ. इथे एक गंमत लक्षात ठेवा, अनुजा म्हणजे "नंतर जन्मलेली", धाकटी बहीण. माझ्या ओळखीत एका घरात पहिल्या मुलीचं नाव अनुजा ठेवलं आणि पुढे तिला धाकटी बहीण झाली, आता मोठीच "धाकटी" झालीय. काही बिघडत नाही म्हणा, पण थोरलीसाठी अग्रजा असं सुंदर नाव उपलब्ध होतं आणि ते मी अजून एकाही मुलीचं ऐकलेलं नाही.

शेवटी दा म्हणजे देणारी. वरदा, सुखदा, यशोदा. नर्मदा सुद्धा, नर्म म्हणजे आनंद, हसणंखेळणं. आपण नदी म्हणून हजारदा उच्चारतो आणि आतला आनंद ऐकू येत नाही. पण इथेही तीच काळजी, शारदा मध्ये शार देणारी कुणी नाही, ते शरद ऋतूवरून आलंय.

आणि आनी किंवा आणी म्हणजे "ची बायको". भव म्हणजे शंकर म्हणून भवानी, रुद्राणी, इंद्राणी, मगाशी म्हटलेली शर्वाणी. काहींना आपल्या मुलीचं नाव कुणाची तरी बायको या अर्थाचं नको असतं, तो त्यांचा विचार आहे आणि मला तो पटतो सुद्धा, पण भवानी म्हटल्यावर मराठी माणसाला शंकर आठवत नाही, तुळजापूर आठवतं. नावाचा व्याकरणातला अर्थ एक आणि माणसांनी शेकडो वर्षं हाका मारून दिलेला अर्थ एक. दोन्ही लिहून ठेवा.

पहिला स्वर फुगलाय का बघा

ही युक्ती मला कळली तेव्हा दोन दिवस मी दिसेल ते नाव उघडत होते. एखाद्याची मुलगी, एखाद्या कुळातली, एखाद्या देशाची असं सांगायचं असलं की संस्कृतात शब्दाचा पहिला स्वर मोठा होतो. अ चा आ, इ चा ऐ, उ चा औ. जनक ची जानकी, पर्वत ची पार्वती, भृगू ची भार्गवी, गर्ग ची गार्गी, विदेह ची वैदेही, मिथिला ची मैथिली, विदर्भ ची वैदर्भी, द्रुपद ची द्रौपदी, कुमुद पासून कौमुदी म्हणजे चांदणं, शंभू पासून शांभवी.

यातलं वैदर्भी हे नाव मला फार आवडतं. रुक्मिणी विदर्भाची म्हणून वैदर्भी, दमयंती पण विदर्भाची म्हणून वैदर्भी, आणि काव्यशास्त्रात सोप्या गोड लिहिण्याच्या रीतीला वैदर्भी म्हणतात. नागपूर-अमरावतीकडच्या आईबापांनी हे नाव सोडून कुठल्यातरी अ‍ॅपवरचं नाव ठेवावं याचं मला खरंच वाईट वाटतं.

तर नावाची सुरुवात आ, ऐ, औ ने किंवा का, वै, कौ अशा अक्षराने होत असेल तर तो स्वर परत लहान करून बघा, मागे एखादं माणूस किंवा गाव सापडतंय का. गौतमी उघडलं की गोतम सापडतो. नाशिकच्या पांडवलेण्यात गौतमी बलश्री या सातवाहन राजमातेचा लेख आहे, तिचा मुलगा स्वतःला आईच्या नावाने गौतमीपुत्र म्हणवतो. बलश्री! दोन हजार वर्षांपूर्वीचं नाव आणि आज ठेवलं तर कुणाला जुनाट वाटेल का सांगा. जुन्नरजवळच्या नाणेघाटातली राणी नागनिका पण तशीच.

संस्कृतात उघडलं नाही तर मराठीचं दार ठोठवा

इथे बहुतेक लोक अडतात आणि "अर्थ माहीत नाही" किंवा "देवीचं नाव" लिहून मोकळे होतात. पण आपली कितीतरी नावं संस्कृतातून प्राकृतात आणि मग मराठीत घरंगळत आलीयेत आणि येताना त्यांचे कोपरे झिजलेत.

सई घ्या. शिवाजी महाराजांच्या राणीचं नाव सईबाई. सखी मधला ख आधी ह झाला, सही, मग तोही गळला आणि राहिली सई. सई म्हणजे मैत्रीण. दोन अक्षरात एवढं प्रेमाचं नाव दुसरं नसेल. जाई आलं जाती पासून, संस्कृतात त्या फुलाला जाती म्हणतात, मधला त गळला, जसं माता चं माय झालं. जुई आलं यूथिका पासून, य चा ज झाला, जसं यव चं जव झालं. ही झीज नेमाने होते म्हणून एकदा कान बसला की तुम्हालाही ऐकू यायला लागते.

आणि राही. हल्ली हे नाव बऱ्यापैकी ऐकू येतं आणि आईबापांना विचारलं की सांगतात, राही म्हणजे प्रवासी, वाट चालणारी. तेही बरोबर आहे, फारसी राह म्हणजे वाट, त्यावरून. पण विठोबाच्या आरतीत "राही रखुमाबाई" अशी जोडी येते ती राही वेगळी, ती राधिका. ध चा ह होतो, दधि चं दही झालं तसं, आणि राधिका ची राही झाली. म्हणजे एकाच नावाला दोन माहेरं. पंढरपूरची पण आणि फारसी पण. अशा वेळी एक खरं आणि एक खोटं असं करायचं नाही, दोन्ही सांगायचं आणि आपण कुठलं मनात धरून ठेवलंय तेही मुलीला सांगायचं. आणि रखुमाई म्हणजे रुक्मिणीच, रुक्म म्हणजे सोनं.

जुन्या महानुभाव साहित्यात बाइसा, आउसा, महदाइसा अशी नावं भेटतात, शेवटचं सा हे आदराचं. महदाइसा म्हणजे महदंबा, धवळे म्हणजे लग्नातली गाणी रचणारी, मराठीतली पहिली कवयित्री म्हणून जिचं नाव घेतात ती. मुलीचं नाव महदंबा ठेवा असं मी म्हणत नाही, पण वेगळं नाव शोधायला आपण जेव्हा बाहेर बाहेर बघतो तेव्हा घरात केवढं पडलंय हे दिसावं म्हणून सांगतेय.

बाहेरून आलेलं नाव असेल तर त्याला ओढूनताणून संस्कृत करू नका. मायरा चं संस्कृत मूळ सांगणारे लोक आहेत, पण मायरा हे फुल्क ग्रेव्हिल नावाच्या इंग्रज कवीने आपल्या कवितांसाठी घडवलेलं नाव मानतात. एका कवीने प्रेयसीसाठी घडवलेलं नाव, ही काय कमी गोष्ट आहे? गोव्यात मिलाग्रिना असं नाव असतं, पोर्तुगीजमध्ये मिलाग्र म्हणजे चमत्कार. शबनम म्हणजे दव. खरं मूळ सांगितल्याने नाव हलकं होत नाही.

अर्थापाशी थांबू नका, गोष्टीपर्यंत जा

शब्दकोशातला अर्थ कधीकधी अगदी साधा निघतो आणि लोक हिरमुसतात. सीता म्हणजे नांगराचा तास, जमिनीत नांगर ओढल्यावर पडते ती रेघ. अहल्या, आपण अहिल्या म्हणतो, त्याचा एक अर्थ न नांगरलेली, हल म्हणजे नांगर. रेणुका मध्ये रेणू म्हणजे धुळीचा कण. उर्वरा म्हणजे पिकाऊ जमीन. ही सगळी मातीची नावं आहेत, ज्या लोकांचं पोट जमिनीवर होतं त्यांनी आपल्या सगळ्यात मोठ्या बायकांना दिलेली. माहूरगडावर उभं राहून रेणुका म्हणजे धूळ असं म्हणून बघा, अंगावर काटा येतो की नाही. मला तरी येतो. "सुंदर" आणि "राजकुमारी" यापुढे फार फिकं वाटतं.

आणि काही नावांचा अर्थ कोशात कमी आणि जन्माच्या गोष्टीत जास्त असतो. इरावती कर्व्यांचा जन्म १९०५ चा, ब्रह्मदेशातला, आणि तिथल्या इरावती नदीवरून त्यांचं नाव ठेवलं. इरा म्हणजे पाणी, इरावती म्हणजे पाण्याने भरलेली, हे झालंच, पण नुसता कोश उघडून ब्रह्मदेश कुणाला सापडला असता? म्हणून घरात एखादं वेगळं नाव असेल तर ते माणूस आहे तोवर विचारून घ्या.

जी नावं ऐकायला वाईट वाटतात त्यांच्याही गोष्टी विचारा. धोंडाबाई, भिकाबाई ही नावं हेळसांडीची नव्हती, आधीची मुलं जगली नाहीत म्हणून दृष्ट लागू नये, काळाचं लक्ष जाऊ नये म्हणून मुद्दाम दगडधोंड्याचं नाव ठेवायचे, त्या नावात आईचा जीव मुठीत धरलेला असायचा. नकोशी मात्र वेगळी. मुलगा हवा होता आणि मुलगी झाली म्हणून नकोशी, नकुसा. ऑक्टोबर २०११ मध्ये साताऱ्यात अशा २८५ मुलींना एका कार्यक्रमात नवीन नावं मिळाली. नावाचा अर्थ बघणं हा रिकामपणचा उद्योग आहे असं कुणी म्हणालं की मी या मुलींबद्दल सांगते, त्यांना रोज हजेरीला तो अर्थ ऐकावा लागत होता.

वेगळी नावं सापडतात कुठे

माझ्या दोन लाडक्या जागा आहेत. एक, वृत्तांची नावं. शाळेत लघु-गुरू मोजताना कंटाळा आलेला असतो म्हणून लक्ष जात नाही, पण मालिनी, शिखरिणी, स्रग्धरा ही सगळी वृत्तं आहेत. स्रक् म्हणजे माळ, स्रग्धरा म्हणजे माळ घातलेली, ओळीला २१ अक्षरं. शिखरिणीला १७, आणि शिखरिणी हे दही-साखरेच्या गोड पदार्थाचंही जुनं नाव आहे. दुसरी जागा राग, मधुवंती, बागेश्री, रागेश्री, जयजयवंती. याशिवाय नक्षत्रं, नद्या आणि ऋग्वेदातल्या बायका, घोषा, अपाला, विश्ववारा, ज्यांच्या नावावर सूक्तं आहेत.

सापडलेलं नाव पक्कं करायला किमान दोन कोश बघा. संस्कृत वाटलं तर मोनियर-विल्यम्स किंवा आपट्यांचा कोश, मराठी वाटलं तर मोल्सवर्थ आणि दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश, हे सगळे इंटरनेटवर फुकट शोधता येतात. पुराणातली बाई असेल तर चित्रावशास्त्रींचा प्राचीन चरित्रकोश लायब्ररीत मिळतो. दोन्हीकडे शब्दच नसेल आणि फक्त नावांच्या साइटवर असेल, तर तो अर्थ कुणीतरी बसून लिहिलेला आहे असं समजा. नाव ठेवायचंच तर ठेवा, पण "संस्कृतमध्ये याचा अर्थ" असं म्हणू नका.

मग मोठ्याने हाक मारून बघा, स्वयंपाकघरातून गॅलरीपर्यंत. आणि इंग्रजी स्पेलिंग बारशाच्या आधीच ठरवा, नंतर नाही. ऋ आपण रु म्हणतो आणि हिंदीवाले रि, त्यामुळे मृण्मयी चं स्पेलिंग कुणी यू ने लिहितं कुणी आय ने. ज्ञ चं तर आपण द्न्य म्हणतो, हिंदीत ग्य. दोन कागदांवर दोन स्पेलिंग झाली की पासपोर्टच्या वेळी रडकुंडीला येतं माणूस. घाई मात्र करू नका, जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते पण नाव नंतर घालता येतं, १२ महिन्यांपर्यंत त्याला फी लागत नाही.

आता शेवटचं, या वेळचं. धाकट्या भावाला मुलगी झाली आणि परत लिस्ट आली. मी लिस्ट बघितली आणि मग त्याला आजीचं सांगितलं. आजीचं सासरचं नाव पार्वती, लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने लिहून ठेवलेलं, सगळे कागद त्याच नावाचे. पण भाऊबीजेला तिचा भाऊ यायचा तो दारातूनच ओरडायचा, "गोदेऽऽ", आणि आजी हातातलं टाकून धावत जायची, तिला त्या नावाने हाक मारणारं आमच्याकडे दुसरं कुणीच नव्हतं. मग आम्ही दोघांनी बसून ते नाव उघडलं. गो आणि दा. दा म्हणजे देणारी. गो म्हणजे गाय, पण कोशात पुढे वाचलं तर गो म्हणजे किरण पण, पृथ्वी पण, वाणी पण. त्र्यंबकेश्वरची गौतम ऋषींची आणि गाईची गोष्ट निघाली. तमिळमधल्या संत आंडाळ यांनाही गोदा म्हणतात हे निघालं. वहिनी बाळाला मांडीवर घेऊन ऐकत होती, ती म्हणाली, बास, आता दुसरं नको.

बाराव्या दिवशी घुगऱ्या वाटून झाल्यावर मी एका वहीच्या कागदावर हे सगळं लिहिलं, अर्थ, कुठल्या कोशात बघितला ते, स्पेलिंग, आणि आजीच्या भावाची ती हाक. तो कागद तिच्या लसीकरणाच्या कार्डाबरोबर फाइलमध्ये ठेवलाय.